रेषा आषाढात, पाया कार्तिकीनंतर

व्यापारी घराण्यांत दुकानाचा गाळा घेताना दहा वेळा पाहणी होते. रस्ता कोणता, शेजार कोणता, पावसाळ्यात पाणी कोठवर चढते, जुना भाडेकरू का सोडून गेला, या साऱ्या गोष्टींची चौकशी केल्यावाचून बयाणा दिला जात नाही. मात्र स्वतःच्या घरामागे एखादी खोली बांधायची असली की तोच व्यापारी एका संध्याकाळी सारे ठरवून मोकळा होतो. जमीन आपली, पैसा आपला, मग विचारायचे कोणाला, असा त्यामागचा समज असतो. कर्जतमधील एका घरात २०२३ च्या उन्हाळ्यात हेच घडत होते. ते घडले नाही, याला एक पावसाळा कारण झाला.

या घरातील कर्त्या पुरुषांना पेठेत सारे ‘काका’ म्हणतात. येथेही तेच नाव पुरेसे आहे. चाळीस वर्षे किराणा-भुसाराचे दुकान चालवून त्यांनी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती दिली. दुकानाच्या काळातही त्यांचा एक नाद सुटला नव्हता, तो सुतारकामाचा. मालाच्या खोक्यांच्या फळ्या सोडवून त्यांनी घरातील पाट, चौरंग, देव्हाऱ्याची चौकट, स्वाध्यायाच्या ग्रंथासाठी ठवणी असे कितीतरी सामान हाताने केले होते. निवृत्तीनंतर रंधा, पटाशी आणि करवत यांना दिवसाचे दोन-तीन तास मिळू लागले. पण काम चाले ते स्वयंपाकघरालगतच्या पडवीत. भुसा वाऱ्याने आत जाई, करवतीच्या आवाजाने दुपारची झोप मोडे, आणि जून उजाडला की ओल्या हवेत लाकूड फुगून चार महिने सारे बंद. तेव्हा परसात स्वतंत्र कार्यशाळा बांधावी, हा विचार काही वावगा नव्हता.

मे महिन्यात बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर आराखडा उतरला. रुंदी वीस फूट, लांबी तीस फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. ओळखीच्या ठेकेदाराने तोंडी दर सांगितला चौरस फुटाला १,२०० रुपये. बांधकामाचे झाले ७,२०,०००. थ्री-फेज वीजजोडणी व वायरिंग ६०,०००. यंत्रे २,००,०००. एकूण ९,८०,००० रुपये. जागाही नक्की झाली होती. परसाच्या अगदी टोकाला, मागच्या उतरणीच्या पायथ्याशी, एक सपाट, कडक, मोकळा तुकडा होता. खोदाई कमी, भराव नको, झाड तोडायला नको. पैशाची तरतूदही होती. पती-पत्नींच्या नावे बँकेत १२,००,००० रुपयांची मुदत ठेव होती आणि ती ऑगस्टमध्ये पिकणार होती.

मुलाची हरकत नव्हती. सून म्हणाली, “पप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी केलं, आता त्यांच्या मनाचं होऊ द्या.” काकूंनी मात्र कागद हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, “अहो, रोज किती तास बसणार तिथे?” काकांनी उत्तर दिले, “बसेन की दोन तास तरी.” काकूंनी मान हलवली आणि कागद परत दिला. त्या प्रश्नात काय दडले होते, ते समजायला पुढे तीन महिने लागले.

अशा कामात तीन निर्णय असतात: जागा कोठे, आकार केवढा आणि खर्च किती. बहुतेक घरांत ते एकाच दमात घेतले जातात आणि तेथेच घोटाळा होतो. हाताशी असलेल्या पैशावरून आकार ठरतो, त्या आकाराला पुरेल अशी जागा शोधली जाते आणि ती जागा इमारतीला मानवते की नाही हे पहिल्या पावसात कळते. वास्तविक या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तीन वेगळ्या ठिकाणी असतात. जागेचे उत्तर पाण्यापाशी असते, आकाराचे कामापाशी आणि खर्चाचे घरातील माणसांपाशी. काकांच्या आराखड्यात या तिघांपैकी एकालाही विचारलेले नव्हते.

पहिली हरकत घेतली ती परसातील गवत कापायला येणाऱ्या एका वृद्ध ठाकर गृहस्थाने. त्या सपाट तुकड्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “काका, पावसाला विचारल्याशिवाय इथं काय बांधू नका. चिंबोऱ्यांची बिळं बघा किती आहेत.” काकांनी वाकून पाहिले. उतरणीच्या पायथ्याला खरोखरच जुनी बिळे होती. जेथे खेकडा घर करतो तेथे ओल टिकते, हे डोंगरकाठच्या माणसाला पुस्तकावाचून ठाऊक असते.

एरवी काकांनी कदाचित हे मनावर घेतले नसते. पण ज्येष्ठ संपत आला होता. चातुर्मास तोंडावर होता, आणि पावसाळ्यात जमीन उकरून जीवहिंसा करायची नाही हा त्या घराचा जुना नेम. शिवाय त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा होता. तेव्हा खोदाई कार्तिकी पौर्णिमेपर्यंत होणारच नव्हती. मग आषाढाच्या प्रारंभी काकांनी गवंड्याला बोलावून नुसती आखणी करून घेतली. चुन्याची फक्की मारली, चार कोपऱ्यांना बांबूच्या खुंट्या ठोकल्या, नायलॉनची दोरी ताणली. परसात उजव्या अंगाला, फणसापलीकडे, थोडा उंच पण वेडावाकडा तुकडा होता. तेथेही सहज म्हणून दुसरी आखणी केली. फक्की पहिल्याच सरीत धुऊन गेली. खुंट्या आणि दोरी राहिली.

कर्जतचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही, त्यांना आकड्यांवरून थोडी कल्पना येईल. येथे वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या सुमारे पाचपट. आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या पट्ट्यात पाणी नुसते वरून येत नाही, बाजूनेही येते आणि जमिनीखालूनही येते. डोंगर पाणी पितो आणि पुढे कित्येक आठवडे ते पायथ्याशी सोडत राहतो. उन्हाळ्यात खडखडीत वाटणाऱ्या जमिनीतून ऑगस्टमध्ये झरे फुटतात ते त्यामुळेच.

जुलैच्या मध्याला काका सकाळी छत्री घेऊन परसात गेले, तेव्हा पहिल्या आखणीच्या दोन खुंट्या उपटून कुंपणाशी जाऊन पडल्या होत्या. उतरणीवरून आलेला ओघळ बरोबर त्या आखणीच्या मधून वाहत होता आणि उरलेल्या भागात घोटाभर पाणी होते. त्या क्षणी एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तो तुकडा सपाट का होता? वर्षानुवर्षे पाण्याने आणलेला गाळ तेथे बसत गेला म्हणून. ज्या गुणासाठी जागा निवडली, तोच तिचा दोष होता. फणसापलीकडील वेडावाकडा तुकडा मात्र पाऊस थांबल्यावर तासाभरात निथळत होता.

त्याच आठवड्यात, १९ जुलै २०२३ च्या रात्री, शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. तेथील माणसांनी हौसेने डोंगर निवडला नव्हता. त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे घरच ते होते. परसातील खोलीच्या गोष्टीत त्या दुःखाचा दाखला देणे कोणालाही धजावणार नाही. पण त्या दिवसांत कर्जत-खालापुरात ज्याच्या घरामागे उतरण आहे, अशा प्रत्येकाने एकदा मागे वळून पाहिले. काकांनीही पाहिले, आणि उतरणीच्या पायथ्याची जागा कायमची सोडून दिली.

जागेचा दुसरा अर्थ कागदावरचा असतो. हे परस काकांच्या वडिलांनी घेतलेले. उताऱ्यावर तिघा भावांची नावे. एक भाऊ पुण्याला, दुसरा खोपोलीला. तीस वर्षांत वाटणीचा विषय निघाला नव्हता, आणि म्हणूनच काकांना विचारावेसे वाटले नव्हते. परंतु ज्या जमिनीवर आपला पूर्ण हक्क नाही, तिच्यावर उभारलेली भिंत पुढच्या पिढीत भावाभावांमध्ये उभी राहते. व्यापारी कुटुंबांतील कितीतरी कज्जे अशा एखाद्या ‘तात्पुरत्या’ शेडपासून सुरू झालेले असतात.

या संदर्भात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आठवण्याजोगे आहे. १८८८ मध्ये बंधूंच्या साथीने बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले. त्यातून छोटा कारखाना वाढला, कडबा कापण्याची यंत्रे झाली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. कारखान्याचा जम बसू लागला तोच शहराच्या वाढीसाठी ती जागा हवी झाली आणि तो हलवण्याची वेळ आली. औंधच्या राजेसाहेबांनी आश्रय दिला म्हणून १९१० मध्ये कुंडलच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर नवे बस्तान बसले. आजची किर्लोस्करवाडी ती हीच. लक्ष्मणरावांसारख्या कर्तबगार पुरुषाने त्या संकटाचे सोने केले. प्रत्येकाला औंधचे राजेसाहेब भेटत नाहीत. तेव्हा पाया घालण्यापूर्वी उतारा पाहणे हेच बरे.

काकांनी दोघा भावांना पत्र लिहिले, फोन नव्हे. आखणीचा नकाशा सोबत जोडला आणि वाटणीच्या वेळी या खोलीमुळे कोणाच्या हिश्शाला बाध येणार नाही असे नमूद केले. पुण्याच्या भावाचे उत्तर आठ दिवसांत आले. “दादा, संमतिपत्र सही करून पाठवतो आहे. फक्त एक किल्ली माझ्याकडे असू द्या.” खोपोलीच्या भावाने सही केली आणि रविवारी स्वतः येऊन आखणी पाहून गेला.

परवानगीचाही प्रश्न असाच आहे. ‘मागच्या बाजूला आहे, कोण पाहतो’ असे म्हणून बांधलेले पुढे विक्रीच्या किंवा कर्जाच्या वेळी आडवे येते. कर्जत व खालापूर तालुक्यांचा काही भाग २००३ मध्ये अधिसूचित झालेल्या माथेरान पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येतो; तेथील नियम वेगळे. जमीन गावठाणातील की शेतीची, हद्द नगर परिषदेची की ग्रामपंचायतीची, कुंपणापासून किती अंतर सोडायचे, हे लेखी विचारून घ्यावे. काकांना त्यासाठी चार खेपा पडल्या. पण पावसाळ्यात दुसरे काम तरी काय होते?

आकाराचा प्रश्न सुटला तो खालापूरला. काकांच्या मेहुण्यांनी काही वर्षांपूर्वी घरामागे तीस बाय चाळीसची शेड उभारली होती. पॅकिंगचा छोटा धंदा काढायचा विचार होता. तो वर्षभर चालला आणि थांबला. पर्युषणाच्या क्षमापनेनिमित्त काका तेथे गेले असता त्यांनी ती शेड उघडायला लावली. आत दोन बंद पडलेल्या स्कूटर, तेलाचे रिकामे डबे, लग्नातील मांडवाचे सामान, मोडकी कपाटे, नातवाचा जुना पाळणा. बाराशे चौरस फुटांत पाय ठेवायला जागा नव्हती. मेहुणे हसून म्हणाले, “शेड रिकामी ठेवायची म्हटलं तरी राहत नाही.” ते थट्टेत बोलले, पण बोलणे खरे होते. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात धन-धान्याच्या आधी क्षेत्र आणि वास्तू यांची मर्यादा सांगितली आहे. जागेला मर्यादा घातली की वस्तूंना ती आपोआप पडते. जागा मोकाट सोडली की वस्तू तिचा शोध घेत येतात.

घरी परतल्यावर काकांनी आराखडा उलट्या टोकाने धरला. किती जागा आहे, हे बाजूला ठेवले आणि किती लागते, ते मोजले. त्यांच्या हातून होणाऱ्या कामांतील सर्वांत लांब फळी आठ फुटांची. ती यंत्र-करवतीतून काढायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट, पलीकडे आठ फूट आणि मेजाचे दोन, म्हणजे लांबी अठरा फूट. रुंदीत, भिंतीलगत कामाचा बाक दोन फूट, त्यापुढे उभे राहायला तीन, करवतीचे मेज तीन, पलीकडे वावरायला दोन आणि समोरच्या भिंतीला फळ्यांची मांडणी दोन. बेरीज बारा फूट. आतले माप बारा बाय अठरा, म्हणजे २१६ चौरस फूट. वीस बाय तीसच्या एक-तृतीयांशाहून थोडे अधिक. पडवीतील फरशीवर खडूने हे माप आखून काकांनी खुर्च्या आणि खोकी मांडून पाहिली, रिकाम्या हाताने करवत चालवल्याचा अभिनयही केला. नातू हसून लोळला. पण माप बरोबर निघाले.

मग बाकीचे तपशील जागेवर येऊ लागले. पावसाचा मारा नैऋत्येकडून, म्हणून पश्चिमेची व दक्षिणेची भिंत बंद. खिडक्या उत्तरेला, तेथून दिवसभर सारखा, डोळ्यांवर न येणारा प्रकाश मिळतो. घर पश्चिमेला आणि कार्यशाळा पूर्वेला असल्याने पावसाळी वारा भुसा घराकडे नेत नाही. स्वयंपाकघरापासून अंतर तीस फूट. आवाज फार येऊ नये इतके दूर आणि हाक ऐकू यावी इतके जवळ. छपराचे पाखे चारही बाजूंना दोन फूट बाहेर. पाखे धरून छपराचे क्षेत्र ३६ चौरस मीटर होते, आणि साडेतीन हजार मिलिमीटरच्या हिशेबाने त्यावर वर्षाला सुमारे १,२६,००० लिटर पाणी पडते. पन्हाळ आणि गटार यांवर केलेली काटकसर किती महाग पडेल, हे या एका आकड्यावरून दिसते.

वाळवीचा प्रश्न अधिक नाजूक होता. पायाच्या मातीत विषारी औषध ओतणे हा रूढ मार्ग. काकांना तो नको होता. आलेल्या जिवाला मारण्यापेक्षा त्याला येण्याचे कारण देऊ नये, ही जयणेची साधी रीत. गवंड्याने सुचवले, जोते दगडी आणि उंच करू, जोत्यावर ओल रोखणारा सिमेंटचा थर देऊ, लाकडाचा कोठेही मातीशी स्पर्श होऊ देणार नाही. मांडणी जमिनीपासून सहा इंच वर, खाली झाडू फिरेल अशी. भुसा रोज संध्याकाळी उचलायचा. यात खर्च थोडा वाढतो आणि रोजची मेहनत कायमची लागते. काकांनी दोन्ही मान्य केले.

विजेच्या बाबतीतही आकार लहान झाल्याचा लाभ झाला. एका अश्वशक्तीची मोटर, म्हणजे ७४६ वॅट, घरच्या सिंगल-फेज जोडणीवर चालते. थ्री-फेजची गरजच उरली नाही. खोपोलीत १९१५ पासून पाण्यावर वीज तयार होते, तरी पावसाळ्यात परिसरातील दिवे वारंवार जातात, हे साऱ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी रंधा आणि पटाशी कोणावर अवलंबून राहत नाहीत.

आता खर्च. ऑगस्टमध्ये ठेव पिकली. पावती शोधण्यासाठी सुनेने कपाटाचा खण उघडला, तेव्हा खाली एक फाइल सापडली. आदल्या दिवाळीच्या आसपास काकू एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया सांगितली होती. अंदाजे खर्च साडेचार लाख रुपये. फाइल घडी घालून साड्यांखाली ठेवलेली. विचारल्यावर काकू इतकेच म्हणाल्या, “यांचं होऊ दे आधी. माझं काय, चालतंय अजून.”

त्या रात्री काकांनी बिलबुकाचे ते पान पुन्हा काढले. बारा लाखांतून नऊ लाख ऐंशी हजार गेले असते, तर उरले असते दोन लाख वीस हजार. त्यात शस्त्रक्रिया बसत नव्हती. काकू ते मे महिन्यातच जाणून होत्या, आणि त्यांनी विरोध केला नव्हता. फक्त तास विचारले होते. आता काकांनी त्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मांडले. ९,८०,००० रुपयांचे सात टक्क्यांनी वर्षाचे व्याज ६८,६००, महिन्याला सुमारे ५,७००. रोज दोन तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे पन्नास तास. दर तासाला सुमारे ११४ रुपये व्याज सोडून ते रंधा मारणार होते. पैसा स्वतःचा असला तरी त्याचे भाडे असतेच. ते बिल कोणी पाठवत नाही, इतकेच. व्यापाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. पण हौसेच्या वस्तूपुढे तो ते विसरतो.

पुढचा क्रम त्यांनी स्वतः ठरवला. आधी शस्त्रक्रिया. ती झाल्यावर उरणाऱ्या साडेसात लाखांपैकी निम्म्याहून, म्हणजे ३,७५,००० हून अधिक रक्कम कार्यशाळेला लागता कामा नये. उरलेले निम्मे कोणत्याही कारणाने मोडायचे नाहीत. ऑक्टोबरमध्ये काकूंची शस्त्रक्रिया झाली. ते सहा आठवडे काका परसात फिरकलेही नाहीत.

अंदाजपत्रक असे झाले. खोदाई, पाया व दगडी जोते ७०,०००. सिमेंट ब्लॉकच्या भिंती व गिलावा ८०,०००. लोखंडी पाइप, पत्रा आणि पन्हाळ ६२,०००. कोबा १६,०००. पाडलेल्या घरातून घेतलेली जुनी सागवानी दारे-खिडक्या १०,०००. वीज २०,०००. भोवतालचे गटार १०,०००. एकूण २,६८,०००. त्यावर आकस्मिक खर्चासाठी ३२,०००. म्हणजे बांधकामाची मर्यादा ३,००,०००. हत्यारे व लहान करवत ६०,०००, वेगळ्या पानावर. हौसेच्या कामात आकस्मिक खर्चाची रक्कम न धरणे ही सर्वत्र आढळणारी चूक. ती धरली नाही तर खर्च टळत नाही, फक्त तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून जातो.

हिशेब किती बारीक असावा, याचा एक प्रसिद्ध दाखला अमेरिकेतील आहे. १८४५ मध्ये हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाने वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी दहा बाय पंधरा फुटांची झोपडी बांधली. खर्च आला २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. जुन्या फळ्या, जुन्या एक हजार विटा, वापरलेल्या दोन खिडक्या यांची किंमत त्याने लिहून ठेवलीच, पण एक सेंटचा खडूही लिहिला. पुढे त्याचे ग्रंथ जगाने वाचले. पण व्यापारी माणसाचे लक्ष त्या खडूच्या नोंदीवर थांबेल. ज्याने खडू लिहिला, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नसते.

कार्तिकी पौर्णिमा झाली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुदळ पडली. दोन फुटांवरच काळा कातळ लागला. फोडाईला ९,००० रुपये अधिक गेले, पण गवंडी खूश झाला. इमारतीला त्याहून चांगले बूड मिळणार नव्हते. चढामुळे ट्रक आत येईना, म्हणून माल छोट्या टेम्पोने आणावा लागला, त्याचे ११,०००. वाऱ्यासाठी छपराला जादा पाइप आणि हुक लावले, त्याचे ६,०००. बत्तीस हजारांपैकी सव्वीस हजार संपले. फेब्रुवारीत काम पुरे झाले तेव्हा बांधकामाचा आकडा होता २,९४,०००, हत्यारांसह ३,५४,०००. सात टक्क्यांच्या हिशेबाने तासाचे व्याज एकेचाळीस-बेचाळीस रुपये. काकांनी तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात ती खोली पहिल्यांदा कसोटीला लागली. उतरणीच्या पायथ्याला पाणी साचले, नेहमीप्रमाणे. जोते कोरडे राहिले. बंद खोलीत, ओलीपासून दूर ठेवलेले लाकूड फारसे फुगले नाही आणि कित्येक वर्षांत प्रथमच काकांचे काम जुलैमध्ये चालू राहिले. पुण्याचे बंधू आषाढात येऊन गेले, स्वतःच्या किल्लीने दार उघडले आणि दुपारभर दादांशेजारी बसून त्यांनी एक वाकडातिकडा पाट केला.

नव्या गुडघ्यांनी काकू चालू लागल्या होत्या, पण जमिनीवर मांडी घालून बसणे डॉक्टरांनी वर्ज्य सांगितले होते. सामायिकाला खुर्चीवर बसावे लागे आणि ठवणी खाली राही, याची त्यांना खंत वाटे. काकांनी जुन्या सागाची एक चौकी केली, बसायला योग्य उंचीची, आणि तिच्या पुढ्यात तितक्याच उंचीची ठवणी. मापे घेण्यासाठी त्यांनी काकूंना कार्यशाळेत बोलावले. त्या तीस फूट चालत आल्या, दाराशी थांबल्या आणि आत नजर फिरवून म्हणाल्या, “एवढीच?”

“एवढीच लागते,” काका म्हणाले, आणि त्यांनी गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचे माप घेतले.